कवड्याचं दावं

नगरपरिषदेच्या सभेत हात कधी वर करायचा, हे इंदूबाईला कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून ती शिकली. बडेबाबू नंदकिशोर चष्मा नाकावर सरकवून विषय वाचायचे, अध्यक्ष बबनराव मान न उचलता 'मंजूर?' म्हणायचे, आणि सगळ्यांचं 'मंजूर, मंजूर' होईतो पुढचा विषय अर्धा वाचून झालेला असायचा. तुंबलेली नाली, बंद पडलेला दिवा, मुतारीचं मोडलेलं दार, सगळं एका दमात मंजूर व्हायचं. मग चहा यायचा. चहासोबत बिस्किटं आली की सभा खेळीमेळीत पार पडली असं समजायचं.

मांडवगव्हाण हे दिग्रसच्या अलीकडचं गाव. वस्ती वाढली म्हणून नगरपरिषद झाली, पण निम्मं गाव अजून वावरातच जगतं. इंदूबाईचा नवरा रामराव कास्तकार माणूस. निवडणुकीला त्यालाच उभं राहायचं होतं. सदराही शिवून झाला होता. ऐन वेळी वॉर्ड बायांसाठी राखीव झाला आणि सदरा पेटीत गेला. इंदूबाई निवडून आली. सुरुवातीला रामराव सभेत तिच्या खुर्चीमागं बसायचा. मुख्याधिकारी साहेबांनी नवऱ्यांना आत बसायला बंदी केली, तेव्हापासून तो बाहेर निंबाखाली इतर नगरसेविकांच्या नवऱ्यांबरोबर बसू लागला. त्यांची तिथं वेगळीच सभा भरायची, आणि ती आतल्या सभेहून जास्त रंगायची.

एवढ्या दिवसांत इंदूबाई सभेत एकदाच बोलली होती. उन्हाळ्यात कोंडवाड्यात एक गोऱ्हा पाण्यावाचून मेला. मोकाट जनावरं धरून आणून कोंडायची, पण त्यांच्या पुढ्यात काही टाकायचं नाही, असा कारभार. ती उठून उभी राहिली.

"ढोरायले बोलता येत नाई म्हून त्यायले उपाशी मारता का जी?"

बबनराव हसले आणि म्हणाले, "करा बाप्पा कुटाराची सोय. बाईचा तळतळाट नको."

कुटार, म्हणजे कोरडा भुसा, आलं. फुटकी टाकी बुजवून पाणी भरलं गेलं. कोंडवाड्याचा राखणदार उकंडा रस्त्यात भेटला की हात जोडायचा. नळावरच्या बाया तिला जागा करून देऊ लागल्या. रामरावनं पानठेल्यावर तो किस्सा पदरचं थोडं घालून कितीदा सांगितला असेल, त्याचा हिशेब नाही.

त्या साली पावसानं फसवलं. मृगात पडल्यासारखं केलं, लोकांनी सरकी टोबून पेरली, आणि आभाळ जे पांढरं झालं ते झालंच. पुन्हा पेरलं. कपाशीची पऱ्हाटी दोन पानांवर आली आणि तिथंच थबकली. जमिनीला भेगा पडू नयेत म्हणून डवऱ्यानं कोळपणं भाग होतं, आणि डवरा ओढायला बैलाच्या अंगात जीव हवा. गोठ्याच्या कोपऱ्यातलं कुटार केव्हाच झाडून झालं होतं. धुऱ्यावर गवताची काडी नव्हती. रामराव रोज अंजनाचा पाला तोडून आणायचा. खैऱ्या तो खायचा. कवड्या हुंगून तोंड फिरवायचा.

कवड्या अंगानं पांढरा, मानेवर कवड्यांसारखे ठिपके. जुवाच्या डाव्या अंगाला चालायचा. स्वभावानं इतका गरीब, की शेजारच्या बाया त्याच्या पोटाखालून वासरू ओढून न्यायच्या. एका दुपारी डवऱ्याला जुंपल्यावर तो अर्ध्या तासात मटकन बसला. रामरावनं तुतारी, बैल हाकायची काठी, उगारली, आणि मग ती लांब फेकून दिली.

"ऊठ न बाप्पा," तो म्हणाला. "माह्या इज्जतीसाठी ऊठ."

त्यानं बैलाच्या पोटाखाली दोन्ही हात घातले. इंदूबाईनं मागून रेटलं. कवड्या उठला तेव्हा त्याचे चारही पाय थरथरत होते, आणि खांद्यावरचं कातडं जुवाला चिकटून निघालं होतं. डवरा वावरातच सोडून दोघं नवरा-बायको बैलांना घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी रामराव वावरात गेल्यावर तिनं विळ्यानं कवड्याचं दावं कापलं. गळ्यात निम्मं, खुंट्याला निम्मं. त्याला हाकत ती कॉलेजच्या रस्त्यापर्यंत गेली. उकंडा सकाळी मोकाट ढोरं धरायला तिकडूनच यायचा. कोंडवाड्यात कुटार होतं, पाणी होतं, तिनंच बोलून आणवलेलं. चार दिवस खाऊ दे, अंग धरू दे, मग सोडवून आणू, एवढाच तिचा विचार.

पण कवड्या काही जाईना. ती वळली की तो मागं. तिनं हाकललं, तो जरा थांबला आणि पुन्हा मागं. शेवटी तिनं ढेकूळ उचलून मारलं. ते त्याच्या कपाळावर फुटलं. तो तिथंच उभा राहिला आणि तिच्याकडं बघत राहिला. ती पदर तोंडाला लावून घरापर्यंत जवळजवळ पळत आली.

"कवड्या दावं तोडून गेला," तिनं रामरावला सांगितलं.

रामराव खुंट्याजवळ बसला, दाव्याचा तुकडा हातात घेऊन बघितला आणि बाहेर पडला. परतला तेव्हा सांज झाली होती.

"कोंडवाड्यात हाये," तो म्हणाला.

"मंग सोडवून आना न."

"कसा आनू? हापिसात बडेबाबूसमोर उभं राहून सही करा लागते. नगरसेविकेचा बैल कोंडवाड्यात गेला म्हून निंबाखालचे सारे हासतीन." मग खालच्या आवाजात म्हणाला, "राहू दे दोन-चार दिवस. कुटार खाऊन राह्यला तथी. म्या तारेतून पाह्यलं. पोळ्याच्या आधीच आनू."

रोज सांजेला तो त्या बाजूनं काहीतरी काम काढून जायचा. आला की सांगायचा, "आज रवंथ करून राह्यलता." दवाखान्यातल्या माणसाची खबर सांगावी तसं सांगायचा. तेवढ्यावर इंदूबाईला भाकर गोड लागायची.

सभेची नोटीस आली ती नेमकी बाजाराच्या दिवसाची. पोळा तोंडावर आला होता. रामराव सकाळच्या एसटीनं फुलसावंगीला निघाला. तिथं त्याची बहीण होती, तिच्या विहिरीला पाणी होतं, आणि थोडा कडबा द्यायला ती कबूल झाली होती.

"सांजच्या गाडीनं येतो," पायात वहाणा सरकवत तो म्हणाला. "आल्याबरोबर कवड्याले सोडवतो. लोकं हासले त हासले. पोळ्याले माह्या गोठ्यात दोन बैल पाह्यजे."

ती बरं म्हणाली. तिच्या मनावरचं ओझंच उतरलं. सभेला जाताना तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं.

सभेतला पहिला विषय पोळ्याच्या व्यवस्थेचा. आंब्याच्या पानांचं तोरण कुणी आणायचं, भोंगा कुणाचा लावायचा, स्टेजवर कुणाची खुर्ची कुणाशेजारी, यावर जेवढी चर्चा झाली तेवढी पिण्याच्या पाण्यावर कधी झाली नव्हती. मग बबनराव खुर्चीत सरसावून बसले.

"यंदा पोळ्याले आमदारसाहेब येऊन राह्यले. म्या काय म्हनतो, महिला नगरसेविकेच्या जोडीची पूजा साहेबायच्या हातानं करू. इंदूबाईची खैऱ्या-कवड्याची जोडी मानाची. पेपरात फोटो येईन."

सगळ्यांनी बाकं वाजवली. इंदूबाई अर्धवट उठली, हात जोडले आणि बसली. अंगावर काटा आला तो आनंदाचा की भीतीचा, तिचं तिलाच कळेना. सांजेला कवड्या घरी येणारच आहे, असं तिनं मनाशी म्हटलं.

नगरसेवक साकेत वकील उभे राहिले. पोरगेलसा चेहरा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुस्तकातलं.

"अध्यक्ष महोदय, मंडप पडतो तो कोंडवाड्याला लागून. आत हाडं निघालेली जनावरं, वर तो वास. साहेब काय म्हणतील? आणि खरं सांगू का, यातली निम्मी जनावरं मोकाट नाहीतच. लोक मुद्दाम आणून सोडतात. फुकट चारा मिळतो ना. इंदूताईंनी दया दाखवली, लोकांनी तिचा बाजार मांडला."

"थे खरं हाये," बबनराव तापले. "नगरपरिषदेच्या कुटारावर बैल पोसते, निलाजरे! मालक सापडला त पोलिसातच देतो मी त्याले. चारचौघात धिंड काढतो."

"आज बाजार आहे, व्यापारी आलेले आहेत," साकेत म्हणाले. "आजच हर्रास करून कोंडवाडा मोकळा करावा."

नंदकिशोर खाकरले. "हर्रासाच्या वेळेपर्यंत मालक आला तर जनावर सोडावं लागेल, साहेब. आणि एक सदस्य हजर लागतो."

"येते कोन? आला त मले दाखवा त्याचं तोंड." बबनराव इंदूबाईकडं वळले. "कोंडवाडा तुमचा विषय हाये, बाई. तुमी सांगा, करावं का नाई मोकळं?"

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. तिनं तोंड उघडलं असतं तर एवढंच बोलायचं होतं, की त्यातला एक माझा आहे. पण मग सगळे म्हणाले असते, बाईनं कुटार मागितलं ते आपल्याच बैलासाठी. उन्हाळ्यात उभी राहून बोलली ते सगळं खोटं ठरलं असतं. नळावरची जागा गेली असती, आणि रामरावला निंबाखाली बसणं मुश्कील झालं असतं. सवयीचा तो उजवा हात आपोआप वर गेला.

"मंजूर," बबनराव म्हणाले. "हर्रासाले बाईच जातीन."

चहा आला. सोबत बिस्किटंही होती.

कोंडवाड्याच्या फाटकात तिच्यासाठी खुर्ची मांडली होती. बाजारातले व्यापारी टेकून उभे होते, मागं काही कास्तकार नुसतं बघायला आलेले. रस्त्यावर मेटाडोर लागली होती. उकंडा एकेक जनावर बाहेर काढायचा, नंदकिशोर मोठ्यानं विचारायचे, "याचा मालक कोणी आहे का?" कुणी बोलायचं नाही. मग बोली व्हायची. एक भाकड गाय गेली. एक लंगडा गोऱ्हा गेला. इंदूबाईचं लक्ष सारखं रस्त्याकडं होतं. फुलसावंगीची गाडी यायला अजून अवकाश होता.

मग कवड्या आला.

त्यानं अंग धरलं होतं. बरगड्या बुजल्या होत्या, खांद्यावर खपली धरली होती, कातडीवर थोडी चकाकी आली होती. तिनं मागितलेलं कुटार त्याच्या अंगी लागलं होतं. फाटकातून बाहेर येताच त्यानं मान वर केली, उकंड्याच्या हाताला हिसडा दिला आणि सरळ तिच्या खुर्चीपाशी आला. ठेवणीतलं लुगडं त्यानं हुंगलं आणि तिच्या मांडीवर तोंड ठेवलं.

लोक हसले. "बाईले बैलंही वोट देते!" कुणीतरी म्हणालं.

"याचा मालक कोणी आहे का?" नंदकिशोरांनी विचारलं.

उकंडा तिच्याकडं बघत होता. कवड्याच्या कपाळावर ढेकळाचा ओरखडा अजून होता. तिचा हात तिथं जाऊ लागला, तो तिनं मांडीखाली दाबून धरला.

"हा... हा कामाचा बैल हाये," ती म्हणाली. "डावीकडं चालते. लय गरीब हाये. कोनी कास्तकार घ्या न जी याले."

मागच्या माणसांत चुळबुळ झाली. एक म्हातारा पुढं आला, कवड्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मागं सरकला.

"बैल त सोन्यासारखा हाये, बाई. पन घरी काडी नाई. काय माती चारू याले?"

नंदकिशोर चष्म्यावरून बघत होते. "ताई, हा डावीकडं चालतो हे तुम्हाला कसं माहीत?"

तिनं कवड्याचं तोंड मांडीवरून हळूच बाजूला सारलं.

"खांद्यावरून दिसते," ती म्हणाली.

नंदकिशोरांनी पुन्हा एकदा मालकाला हाक दिली. त्यांचा आवाज या वेळी जरा हळू होता. बोली झाली. कवड्या एका व्यापाऱ्याला गेला.

व्यापाऱ्याचा माणूस ओढायला आला तेव्हा उकंड्यानं त्याला थांबवलं आणि कवड्याच्या गळ्यातलं तुटकं दावं सोडून घेतलं.

"राहू दे न दोर, कामी येईन," तो माणूस म्हणाला.

"दावं देत नसते," उकंडा म्हणाला. "बैल गेला तरी दावं घरीच राह्यते. तुमच्या मुलुखात नाई का हे?"

त्यानं दुसरा दोर बांधून दिला. कवड्या मेटाडोरच्या फळीवर चढेना. दोघांनी शेपूट पिळलं, एकानं पाठीवर दांडा घातला. चढताना त्यानं एकदा मागं मान वळवली. इंदूबाई खुर्चीवरून उठली नाही, कारण अजून जनावरं बाकी होती आणि सदस्य हजर लागत होता.

सगळं उरकल्यावर उकंडा जवळ आला. दाव्याचा तुकडा त्यानं तिच्या पदरात टाकला.

"म्या पह्यल्याच दिवशी ओयखलतं, वहिनी," तो म्हणाला. "वाट पाहून राह्यलतो. म्हनलं रामरावभाऊ आज येतीन, उद्या येतीन. तुमी बसल्या त मले वाटलं, आता बोलतीन. तुमी बोलल्याच नाई. मंग मी कसा बोलू?"

तिनं दाव्याचा तुकडा पदरात गुंडाळला आणि घरची वाट धरली.

रामराव एसटीच्या टपावरून कडब्याची पेंढी उतरवून, डोक्यावर घेऊन सरळ कोंडवाड्यावरच गेला होता. तिथं आत पाणी मारून झालं होतं आणि बाहेर मंडपाचे खांब रोवणं चाललं होतं. तो घरी आला तेव्हा इंदूबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. दावं मांडीवर होतं.

"म्या हात वर केला," ती म्हणाली. "सभेत. मंग तथी खुर्चीवर बसली. थो माह्यापाशी आला, अवो. माह्या मांडीवर तोंड ठेवलं त्यानं. बडेबाबूनं इचारलं मालक कोन. मले बोलता आलं नाई."

रामरावनं पेंढी खाली टाकली. त्यानं शिव्या द्याव्या, हात उचलावा, असं तिला मनापासून वाटत होतं. त्यानं नुसतं तिच्या हातातलं दावं घेतलं, त्याचं कापलेलं टोक अंगठ्यानं चाचपलं आणि खुंट्याजवळ गेला.

पोळ्यापर्यंतचे उरलेले दिवस तो तिच्याशी कामापुरतं बोलला. वावरातला डवरा उभाच होता. एका बैलानं तो काय चालणार? पाऊसही आला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी नगरपरिषदेचा शिपाई निरोप घेऊन आला : उद्या मानाची जोडी वेळेवर आणा. इंदूबाई आत चुलीपाशी होती. रामराव ओट्यावरून म्हणाला, "जोडी नाई येत. बैल लंगडून राह्यला म्हनून सांगजो. बाईचा काई दोष नाई."

आत इंदूबाईच्या हातातलं भांडं खाली पडलं.

सांजेला खांद शेकायची वेळ झाली. वर्षभर जू वाहणाऱ्या खांद्याला हळद-तुपानं शेकायचं आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं, हा दरसालचा रिवाज. इंदूबाईनं वाटीत तूप कढवलं, हळद घातली, पळसाची पानं आणली. रामरावनं खैऱ्याचा खांदा हळूहळू शेकला. खैऱ्यानं डोळे मिटून घेतले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," रामराव त्याच्या कानाशी म्हणाला.

वाटीत निम्मी हळद उरली होती. सवयीनं तिनं दोघांची केली होती. रामराव वाटीकडं बघत राहिला. मग त्यानं कवड्याच्या खुंट्याकडं बोट केलं. दाव्याचे दोन्ही तुकडे गाठ मारून तिथं टांगलेले होते.

"दावं तुटलेलं नोयतं, कापलेलं होतं," तो म्हणाला. "मले त्याच दिवशी समजलतं. म्यायी काई बोललो नाई. मलेयी वाटे, खाऊ दे तिकडं. तू एकटीनं नाई घालवला त्याले." त्यानं वाटी तिच्या पुढं केली. "ने. तुह्या हातानं दे त्याले आवतन."

ती खुंट्यापाशी गेली. पळसाच्या पानानं तिनं त्या गाठीला हळद लावली. तिथं कवड्याच्या अंगाचा वास अजून होता. खैऱ्या मान वळवून बघत होता.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली, आणि थांबली. रामराव मागं उभा होता. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडली. उद्या जेवाले या, एवढं काही तिच्या तोंडून निघेना. वाटीतलं तूप थिजत आलं, बाहेर मंडपातला भोंगा सुरू झाला, तरी ती त्या खुंट्यापुढं तशीच बसून होती.